कदम, दुडकी, भरधाव

निंबगव्हाणच्या बाबाजान टांगेवाल्याने गोजरबाईला जबान दिली तेव्हा तो पुरता शुद्धीत होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढचे दोन महिने त्याने रस्त्यावर जे काही चालवलं, ते पाहून अर्ध्या गावाला तशी शंका होती.

जबान साधी होती. "वहिनी, यंदा पोराला कावड उचलू द्या. यात्रेदिवशी त्याला त्याच्या पायांनी तुमच्या दारात आणून उभा करतो. न्हाई केला तर ह्या बाबाजानचं तोंड बघू नका."

गोजरबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "भाऊ, मला कावडीचं कौतुक न्हाई," ती म्हणाली. "मला येकच पोरगं हाय."

"म्हनून तर मी आलो."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "पायांनी म्हंजी पायांनी. बाजेवर घालून आनलेला मला चालायचा न्हाई." झालं, सौदा ठरला.

मागच्या साली तिचा छगन बाजेवरूनच आला होता. चैत्री यात्रेला गावच्या तिन्ही आळ्या पुणतांब्याच्या घाटावरून गंगेचं पाणी आणतात. गंगा म्हणजे आपली गोदावरी. कावडीला दोन तांब्याच्या कळश्या, अंतर पाच कोस, अनवाणी. ज्या आळीची कावड आधी पोचेल तिची पहिली धार भैरोबावर, आणि वर्षभर प्रत्येक मिरवणुकीत तीच आळी पुढे. नियम दोनच. कावड भुईला टेकवायची नाही, आणि नदीतून कावड उचलली की देवळापर्यंत त्या गड्याला कुणी हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. खालच्या आळीला हा मान मिळून अकरा वर्षं झाली होती. मागच्या साली बावीस वर्षांचा छगन घाटावरून जो सुसाट सुटला, तो पाटाच्या पुलापर्यंत बाकीच्यांना दिसलाच नाही. पुलापुढे चढ आहे. त्या चढावर, देवळाचा कळस समोर दिसत असताना, तो उभ्याचा आडवा झाला. कळश्या गडगडत खाली गेल्या आणि खालच्या आळीची मान त्यांच्यामागून.

दवाखान्यातल्या राहीबाई नर्सने त्याचं मनगट धरलं, आपल्या घड्याळाकडे पाहिलं आणि भोवतीच्या गर्दीवर डाफरली, "एकशे ऐंशी! पडून एवढा वेळ झाला तरी एकशे ऐंशी! अहो, घोडं तरी असं पळवता का तुम्ही?"

तिने ते सगळ्यांना ऐकवलं होतं, पण लागलं एकट्या बाबाजानला. पंचवीस वर्षं तो निंबगव्हाण ते पुणतांबा स्टेशन टांगा हाकत होता आणि त्याच्या हरणीला कधी साधी धाप लागल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. गावातून निघताना कदम. अंग तापलं की सपाटीला दुडकी. आणि भरधाव फक्त तेव्हा, जेव्हा सिग्नल पडलाय आणि टांग्यातल्या पाहुण्याला गाडी चुकवून चालणार नाही. पाच कोस भरधाव? तसं करणाऱ्या टांगेवाल्याला त्याने चाबकाने फोडून काढला असता. आणि शेजारचं पोरगं पळत होतं तेव्हा हाच बाबाजान टांग्यात उभा राहून "पळ छगन, पळ!" करत होता. त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

तेव्हा माघ लागता लागता छगनची शाळा सुरू झाली. बाबाजानच्या मनगटावर मेव्हण्याने दिलेलं एचएमटी होतं, त्यात सेकंदाचा काटा होता. राहीबाईने मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं होतं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणखी काय शिकायचं असतं? साठ सेकंद मोजत बसायला त्याला धीर नव्हता, म्हणून त्याने पाव मिनिटाचा हिशेब धरला. पाव मिनिटात पंचवीसपर्यंत ठोके पडले तर कदम. पंचवीस ते पस्तीस, दुडकी. पस्तीसच्या वर गेलं की भरधाव, आणि भरधाव यात्रेपर्यंत बंद.

"चाचा, मी काय घोडा हाय का?" छगनने विचारलं.

"घोड्याला अक्कल आसती. तू पळ."

रोज सकाळी टांगा सवारी घेऊन स्टेशनला निघायचा आणि मागून छगन, खांद्यावर भरल्या कळश्यांची कावड. दर मैलाच्या दगडाला बाबाजान लगाम सवारीच्या हातात कोंबायचा, चालत्या टांग्यातून उडी मारायचा, तीस-चाळीस पावलं मागे पळत जायचा आणि छगनचं मनगट आपल्या जाडजूड अंगठ्याखाली दाबून काट्याकडे बघायचा. आणि दरवेळी आकडा पस्तीसच्या वर. छत्तीस! सदतीस! पोरगं नुसतं रमतगमत पळतंय आणि नाडी भरधाव!

"कदम!" तो ओरडायचा. "कदम कर, मरतोस का काय!"

"चाचा, मला काय बी हुईना. धाप बी न्हाई."

"तुला काय कळतं? हे घड्याळ सांगतंय."

असे दोन महिने गेले. छगन पळायचा कमी आणि रखडायचा जास्त. एकदा तर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली छबूबाई त्याच्या पुढून गेली आणि जाताना "काय रं, पाय दुखत्यात का?" असं विचारून गेली. वरच्या आळीचा सहादेव पैलवान, तीन वर्षं पहिली धार घालणारा, पारावर बसून मिशीला पीळ देत म्हणाला, "खालच्या आळीची कावड यंदा दसऱ्याला पोचनार." छगनने ते ऐकलं आणि रात्री जेवला नाही. पण सकाळी परत टांग्यामागे आला. पोरगं चिवट होतं, हे त्याच्या बाबतीत कबूल केलंच पाहिजे.

यात्रेला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी पुणतांब्याहून परतताना टांग्यात नेमकी राहीबाई बसली होती, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. दुसऱ्या दगडाला बाबाजानने लगाम तिच्या हातात दिला, उडी मारली, मागे पळाला, मनगट पकडलं.

"छत्तीस!" तो ओरडला. "कदम!"

राहीबाईने मान वळवून पाहिलं. पाहतच राहिली. मग हसायला लागली ती पेटी खाली घसरेपर्यंत हसली.

"अहो बाबाजान, इकडं या. आधी तो अंगठा काढा."

"का?"

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणून आम्ही ही दोन बोटं ठेवतो. बघू." तिने खाली उतरून आपली दोन बोटं छगनच्या मनगटावर ठेवली, घड्याळ पाहिलं. "सव्वीस." मग तीच बोटं बाबाजानच्या मनगटावर आणून ठेवली. तो नुकताच चाळीस पावलं पळून आला होता, वर ओरडला होता. "आणि तुमची छत्तीस. दोन महिने तुम्ही स्वतःची नाडी मोजताय, आणि कदम करायला लावताय ह्या गरिबाला!"

छगन कावडीसकट तिथेच उभा राहिला. त्याचं तोंड असं झालं की हसावं का रडावं त्यालाच समजेना. बाबाजान मात्र मटकन टांग्याच्या पायरीवर बसला. दोन महिने! सहादेव रोज तालमीत घाम गाळतोय आणि आपण पोराला मोळीवाल्या बाईच्या मागे चालवला. जबान दिली होती पायांनी आणण्याची. पण असा सगळ्यांत शेवटी आणला, तर आळी त्याला आणि छगनला वाळीतच टाकेल.

"आता आठ दिस भरधाव," तो उठून म्हणाला. "जेवढं राहिलंय तेवढं काढतो भरून."

"खबरदार," राहीबाई म्हणाली. "आधी एक मैल खरा मोजू. छगन, पळ तू तुझ्या मनानं. चौतीस-पस्तीसला मी थांबवीन. टांगा बरोबर घ्या."

आता त्या मैलाचं काय सांगावं! छगन निघाला तो सहज, खांद्यावर भार आहे हे पाणीच काय ते जाणत होतं. हरणी कदमावर होती, ती मागे पडायला लागली. बाबाजानने तिला दुडकीवर घेतली. पाव मैलावर राहीबाईने टांग्यातून वाकून नाडी पाहिली, एकोणतीस. "वाढव," ती म्हणाली. अर्ध्या मैलावर बत्तीस. पाऊण मैलावर चौतीस, आणि तिथेच थांबली. छगन पळतोय, पाणी हिंदकळत नाही, नाडी चौतीसवर आणि हलायला तयार नाही. मैलाच्या दगडाला बाबाजानने घड्याळ पाहिलं आणि ते कानाला लावून चालू आहे का याची खात्री केली. माघात ह्याच मैलाला बारा मिनिटं लागत होती. आज साडेनऊ.

"सिस्टर, हे काय झालं?"

"तुमच्या अंगठ्यानं झालं," राहीबाई म्हणाली. तिच्याही चेहऱ्यावर आता लहान पोरीसारखा आनंद होता. "रोज सावकाश पळून काळीज कसदार होतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. तुम्ही त्याला भरधाव पळवला असता तर आत्तापर्यंत मोडला असता. चुकून का होईना, बरोबर केलंत."

बाबाजानने तिथल्या तिथे हरणीच्या मानेला मिठी मारली, कारण दुसऱ्या कुणाला मारणं शोभलं नसतं.

पण एक अडचण उरली होती, आणि ती राहीबाईच्याच ध्यानात आली. यात्रेदिवशी छगनला हात कोण लावणार? कुणीच नाही. मग नाडी कशी कळायची? त्यावर उपाय छगननेच काढला. कावडवाल्याला दर दगडाला आरोळी द्यावीच लागते: 'गंगामाईचं पाणी, भैरोबाच्या चरणी, चांगभलं!' पुढचे सहा दिवस राहीबाई दवाखान्यात जाण्याआधी रस्त्यावर येऊन उभी राहायची. छगन आरोळी द्यायचा, ती मोजायची. चौतीसपर्यंत आरोळी एका दमात पुरी व्हायची. छत्तीसला 'चरणी'वर तुटायची. अडतीसला 'पाणी'च्या पुढे जायचीच नाही. सहाही दिवस तेच, एक ठोका इकडे नाही का तिकडे नाही.

"आरोळी पुरी तोवर दुडकी," बाबाजानने बजावलं. "तुटली की कदम. आन् भरधाव मी सांगंन तवाच."

चैत्री पौर्णिमेला फटफटताना घाटावर तिन्ही कावडी पाण्यात बुडाल्या. हलगी कडाडली. सहादेव बाणासारखा सुटला. त्याच्यामागे मधल्या आळीचा कानिफनाथ, काटकुळा पण चपळ. आणि सगळ्यांत मागे छगन, दुडकीवर, जणू आईने मीठ आणायला धाडलाय.

खालच्या आळीची पोरं सायकली घेऊन आली होती. त्यांनी टांग्याला घेरलं. "बाबाजानचाचा, त्याला सांगा की पळ म्हनून! सहादेव दिसंना झालाय!" एकजण तर म्हणाला, "वरच्या आळीनं काय चारलंय का तुमाला?" बाबाजानने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याचे कान छगनच्या गळ्यावर होते.

पहिला दगड. "गंगामाईचं पाणी, भैरोबाच्या चरणी, चांगभलं!" पुरी. दुसरा दगड, पुरी. तिसऱ्याला सूर्य वर आला, डांबर तापायला लागलं. पुरी. चौथ्याला 'चांगभलं' जरा ओढल्यासारखं आलं. "कदम, शंभर पावलं!" बाबाजान म्हणाला, आणि छगनने निमूटपणे शंभर पावलं चालून काढली, तेव्हा सायकलवाल्या पोरांनी कपाळाला हात लावले. पाचव्याला आरोळी पुन्हा खणखणीत. सहाव्या दगडाजवळ वळणावर कानिफनाथ दिसला. तो बाभळीखाली उभा होता, कावड खांद्यावर, डोळे मिटलेले, आणि त्याचे पाय थरथरत होते. छगन त्याच्या बाजूने गेला. सायकलींवर एकच गिल्ला झाला.

सातवा. आठवा. पुरी, पुरी. पाटाचा पूल दिसला आणि पुलावर सहादेव दिसला! तो पळत होता, पण दर वीस पावलांना खांदा बदलत होता आणि त्याची आरोळी 'गंगामाईचं' एवढ्यावरच संपत होती. अंतर दोनशे पावलं. दीडशे. पूल ओलांडला तेव्हा शंभर.

आणि मग चढ सुरू झाला.

हाच तो चढ. डाव्या हाताला तीच खडी, जिच्यावर छगन पालथा पडला होता. बाबाजानच्या छातीत इतकं धडधडायला लागलं की हरणीच्या टापा ऐकू येईनात. कानात गोजरबाईचं वाक्य घुमत होतं, मला येकच पोरगं हाय. समोर छगनची पाठ घामाने चमकत होती. आणि त्या पाठीने, कुणी न सांगता, वेग धरला. टाचा उंच उडू लागल्या. चढावर! भरधाव!

"कदम!" बाबाजान किंचाळला. "छगन, कदम! दुसरा आलास तरी चालंल! कदम कर, बाबा!"

छगनने मागे पाहिलं नाही. त्याने चढाच्या मधोमध, तशा वेगात, छाती भरून आरोळी दिली. "गंगामाईचं पाणी, भैरोबाच्या चरणी, चांगभलं!" एका दमात, अख्खी, देवळापर्यंत जाईल अशी. आणि त्याच दमात उरलेल्या हवेवर ओरडला, "चाचा, ती धडधड तुमची हाय! माझी न्हाई!"

बाबाजानच्या हातातला लगाम सैल पडला. दोन महिने ज्याला त्याने एकेक पाऊल मोजून दिलं होतं, त्याला आता स्वतःचं मोजता येत होतं. "जा!" तो टांग्यात उभा राहिला आणि त्याचा आवाज फाटला. "जा बेटा! भरधाव!"

चढाच्या माथ्यावर छगन सहादेवच्या खांद्याला खांदा भिडवून दिसला, आणि मग दोघेही पलीकडे उतरले आणि दिसेनासे झाले. टांगा माथ्यावर पोचला तर पुढे यात्रेची ही गर्दी. पाळणे, रेवड्यांच्या पाट्या, बैलगाड्या. टांगा जागचा हलेना. सायकली टाकून पोरं गर्दीत घुसली. बाबाजान चाकावर चढला, टपावर चढला, पण कळसाशिवाय काही दिसेना. हलगी मात्र ऐकू येत होती, जोरात, आणखी जोरात.

आणि ती एकदम थांबली.

पहिली धार पडताना हलगी थांबते, हे त्याला माहीत होतं. माणूस पडला तरी थांबते, हेही. मागच्या साली थांबली होती. टपावर बसल्या जागी त्याने डोळे मिटले. किती वेळ गेला ते हातात घड्याळ असून त्याला सांगता आलं नसतं. मान गेला खड्ड्यात, तो मनात म्हणत होता, अल्ला, पोरगं तेवढं उभं असू दे.

हलगी पुन्हा कडाडली. गुलालाचा लोट कळसाच्याही वर गेला. पण तो कुणाचा, ते इथून कसं कळावं? तो तसाच बसून राहिला. मग गर्दी मधून फुटायला लागली, आणि फुटलेल्या वाटेने एक माणूस टांग्याच्या दिशेने चालत आला. कपाळापासून पायांपर्यंत लालभडक, पागोटं तिरपं, कळश्या रिकाम्या. चालत आला. लोक त्याला खांद्यावर घ्यायला धडपडत होते आणि तो सगळ्यांचे हात झटकत होता.

बाबाजान टपावरून घसरत खाली आला. पहिला का दुसरा हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. "चक्कर येतीया?" त्याने विचारलं.

"न्हाई," छगन म्हणाला. "भूक लागली."

"बस टांग्यात."

"टांग्यात न्हाई. पायांनी जायचं ठरलंय न्हवं?"

मग दोघेही चालले. बाबाजानने हरणीचा लगाम हातात घेतला, रिकामा टांगा मागून खडखडत आला. खालची आळी सगळी देवळापुढे नाचत होती, त्यामुळे आळीत कुणीच नव्हतं. गोजरबाई तेवढी दारात, रस्त्याकडे पाठ करून, जात्यावर दळत बसली होती. टांग्याचा आवाज आला तसं तिचं दळण थांबलं. तिने वळून पाहिलं नाही. टांग्यातून काय उतरवतात, ते ऐकायला ती थांबली होती.

छगन तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिने आधी त्याचे पाय पाहिले. मग पाय हातांनी चाचपले, दोन्ही. त्यावरचा गुलाल तिच्या पिठाच्या हातांना लागला, आणि मग कुठे तिने मान वर केली.

"कोन पयलं आलं?" तिने विचारलं.

"मी, आई."

"बरं झालं," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले, उठली आणि आत जाता जाता बाबाजानकडे पाहून रागावल्यासारखी म्हणाली, "भाऊ, दारात काय उभं राह्यला? आत या. भाकरी टाकते."